लहान गाडीला हिवाळी टायर: आधी थंडी कसली ते बघा, रिम सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे की गाडी छोटी हॅचबॅक, ड्राइव्ह पुढच्या चाकांना, कंपनीतूनच १९५/५५ आर १६ टायर आणि अलॉय आलेले, आणि बर्फाच्या भागात हा पहिलाच हिवाळा. एका मित्राने सांगितलंय की घेतोयसच तर १७ इंची अलॉय घे, रुंद टायर टाक, जेवढं जास्त रबर रस्त्याला टेकेल तेवढी ग्रिप जास्त. शिवाय दोन उपप्रश्न आहेत, पुढचे दोनच बदलले तर भागेल का आणि ऑल-सीझन घातले तर ही सगळी भानगडच टळेल का.

मी टायरचंच काम करतो, बरीच वर्षं झाली, आणि हिवाळा तोंडावर आला की हेच बोलणं दर चार गिऱ्हाइकांमागे एकदा होतं. माणूस आधी रिम पसंत करतो, फोटो वगैरे दाखवतो, मग त्या रिमवर बसेल असा टायर शोधायला लागतो, आणि तो टायर कसल्या रस्त्यावर चालणार आहे हे कुणी विचारलं तर म्हणतो बर्फातच की. तर माझं म्हणणं असं की क्रम उलटा करा. आधी थंडी कसली ते ठरवा, मग टायरची जात, मग साइझ, आणि रिम शेवटी. आणि तुमच्या गाडीपुरतं उत्तर आत्ताच सांगून टाकतो, १७ चं सोडा, वर चढायचं नाहीये, १५ वर उतरायचं, साध्या काळ्या स्टीलच्या रिम घ्यायच्या आणि वाचलेले पैसे रबरात घालायचे. का ते खाली सांगतो, लांबेल जरा.

उन्हाळी टायर थंडीत का फसतो ते आधी. लोकांना वाटतं नक्षीचा फरक असतो. नक्षीचा आहेच पण त्याआधी रबराचा आहे. उन्हाळी टायरचं रबर गरम रस्त्यावर टिकावं म्हणून बनवलेलं असतं, पारा ७ अंशांच्या खाली उतरायला लागला की ते आखडतं, आणि शून्याच्या बरंच खाली गेलं की प्लास्टिकच्या बादलीसारखं कडक लागतं, नखाने दाबून बघा कळेल. कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरतच नाही मग ग्रिप कुठून येणार. म्हणजे बर्फ नसला, रस्ता कोरडा दिसत असला तरी कडाक्याच्या सकाळी उन्हाळी टायर कमीच पडतो. हे ७ अंश म्हणजे काही दगडावरची रेघ नाही, ६ ला एकदम बिघडतं आणि ८ ला एकदम सुधारतं असं नसतं, पण टायर कधी बदलायचे हे ठरवायला आकडा चांगला आहे. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण असं धरतात की ते थंडीतही मऊ राहावं.

नक्षीचं काम दुसरं. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा दिसतील, त्यांना साइप म्हणतात. चाक फिरताना त्या उघडतात, मिटतात, शेकडो बारीक कडा तयार होतात आणि त्या बर्फाला धरतात. आणि मोठ्या खाचांत बर्फ भरून बसतो ना, तो बसायलाच पाहिजे, कारण बर्फ बर्फाला चांगला चिकटतो, गोळा करताना दाबला की घट्ट होतो तसा. बर्फातून फिरून आल्यावर टायर पांढरा झालेला दिसला की काही जण काडीने खाचा उकरत बसतात, त्याची काही गरज नाही.

आता थंडी कसली. इथे वेळ घाला कारण इथे चुकलं की पुढचं सगळं बरोबर करून फारसा उपयोग नाही. हिवाळी टायरमध्ये दोन घराणी आहेत आणि दुकानात दोघांनाही विंटर टायर असंच म्हणतात. एक मध्य युरोपच्या हिवाळ्यासाठीचं, जिथे बराच काळ रस्ता ओला, शून्याच्या वरखाली, पाऊस, चिखलबर्फ, मधूनच खरा बर्फ, आणि हायवेवर वेग जास्त. त्याचं रबर थोडं टणक, पाणी बाहेर फेकायला खाचा जास्त, त्यावर वेगाचं अक्षर (टायर किती वेगापर्यंत चालेल ते सांगणारं) एच किंवा व्ही असं वरचं असतं. कॉन्टिनेंटलचा विंटरकॉन्टॅक्ट, मिशेलिनचा अल्पिन ही त्या जातीची नावं. दुसरं नॉर्डिक, म्हणजे महिनोन्‌महिने दाबलेला बर्फ आणि काचेसारखा गोठलेला रस्ता, पारा उणे १५, उणे २०. ते रबर फारच मऊ, साइप खच्चून, वेगाचं अक्षर क्यू, आर, टी असं खालचं. ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक, मिशेलिनचा एक्स-आइस, कॉन्टिनेंटलचा वायकिंगकॉन्टॅक्ट, नोकियनचा हाक्कापेलीट्टा, हा शेवटचा तर १९३६ पासून त्याच नावाने येतोय, अर्थात आतलं रबर तेव्हाचं नाही.

नॉर्डिक टायर ओल्या, ४-५ अंशांच्या डांबरावर घातला तर गाडी बदकासारखी डुलते आणि ब्रेक लांबतो. युरोपात टायरला जे लेबल लागतं त्यावर सुद्धा त्याचं ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं अक्षर खालचंच दिसतं. ते बघून लोक म्हणतात टायर बेकार आहे, बेकार नाहीये, तो त्या कामासाठी नाहीच. आणि उलट बाजूने, ओल्या रस्त्याचा टायर उणे २० च्या चकचकीत बर्फावर नेला तर चौकात थांबायच्या रेषेच्या पुढे जाऊनच थांबाल. म्हणून स्वतःला एकच विचारा, माझ्या रोजच्या जाण्यायेण्यात डिसेंबर ते फेब्रुवारी रस्ता जास्त वेळ काळा दिसतो की पांढरा. काळा आणि ओला असेल तर पहिली जात, पांढरा आणि कडक तर दुसरी. मीठ टाकून रस्ता रोज साफ होणाऱ्या मोठ्या शहरात राहून नॉर्डिक घेणारे पुष्कळ आहेत कारण परीक्षेत बर्फावर पहिला नंबर आलेला असतो, पण गाडी तर वर्षातून चारदा बर्फावर जाणार.

टायरच्या बगलेवरच्या, म्हणजे बाजूच्या भिंतीवरच्या, खुणांबद्दल. एम प्लस एस हे अक्षर म्हणजे कंपनीने स्वतःच सांगितलेलं की हा चिखल-बर्फाचा आहे, त्यामागे परीक्षा असेलच असं नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चित्र असलं तर मात्र दाबलेल्या बर्फावर चाचणी पास झालेली असते. घेताना ते चित्र बघायचंच, काही ठिकाणी कायदाही तेच मागतो, उदाहरणार्थ जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या एम प्लस एसला हिवाळी टायर धरत नाहीत, आणि कॅनडात क्वेबेकला १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायरची सक्तीच आहे. तुमच्याकडे काय आहे ते बघून घ्या. पण एक लक्षात असू द्या, डोंगर-हिमकणाची चाचणी बर्फावरची आहे, गोठलेल्या पाण्यावरची नाही. ग्लेझ म्हणतात तसल्या रस्त्याबद्दल ते चित्र काहीच सांगत नाही. त्यासाठी वेगळी खूण आहे, २०२१ पासून युरोपच्या टायर लेबलवर बर्फाच्या सुळक्यासारखं चित्र येतं, ते नॉर्डिक घराण्यातल्या टायरांवर दिसेल.

खिळ्यांचे टायर, म्हणजे स्टडवाले. शून्याच्या आसपास जेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो तेव्हा खिळ्याची बरोबरी कुणी करत नाही, हे मान्य करायला हवं. पण कोरड्या रस्त्यावर खडखड आवाज, रस्ता खरवडतो, आणि बऱ्याच ठिकाणी बंदी आहे किंवा ठराविक महिनेच परवानगी. रोज गावाबाहेरच्या साफ न होणाऱ्या चढावरून जायचं असेल तर विचार करा, शहरात फिरणाऱ्या हॅचबॅकला मी सांगत नाही. घेतलेच तर पहिले काहीशे किलोमीटर हळू चालवा, जोरात पिकअप नाही, दाबून ब्रेक नाही, खिळे आपापल्या जागी नीट बसू देत.

ऑल-सीझनचा उपप्रश्न. पूर्वी याचं उत्तर सरळ नाही असं होतं, आता तसं राहिलं नाही. डोंगर-हिमकणाची खूण असलेले ऑल-सीझन मिळतात, मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट त्यातला, आणि जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो आणि दोन दिवसांत वितळतो, उन्हाळाही भाजून काढणारा नाही, गाडीही वर्षभरात फार चालत नाही, तिथे छोट्या गाडीला ते पुरतात, दोन सेट सांभाळायची कटकट नाही. पण ते दोन्हीकडे थोडं थोडं सोडतात. तुमच्याकडे तीन-चार महिने सलग पांढरं असणार असेल तर नको. आणि फक्त एम प्लस एस लिहिलेला जुन्या धाटणीचा ऑल-सीझन असेल तर हिवाळ्यापुरता तो उन्हाळीच समजा.

पुढचे दोनच बदलायचे का? नाही. हे मी सगळ्यात जास्त वेळा सांगतो आणि सगळ्यात जास्त वाद यावरच होतो. समोरचा म्हणतो ओढणारी चाकं पुढची, ब्रेकचा जोर पुढे, वळणारी पण पुढचीच, मग मागच्यांना काय काम? मागच्यांचं काम गाडीची शेपूट मागे ठेवणं. पुढे मऊ पकडणारे आणि मागे कडक झालेले टायर असले की गाडी सुटते मस्त, चढते मस्त, माणसाला वाटतं जमलं, आणि मग उतारावरच्या वळणात ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येतं, मागची बाजू हलकी होते आणि तुम्हाला ओव्हरटेक करायला निघते. छोट्या हॅचबॅकची मागची बाजू मुळातच हलकी असते त्यामुळे हे फार पटकन होतं, स्टिअरिंग उलटं फिरवायला वेळच मिळत नाही. म्हणून चारही, एकाच जातीचे, शक्यतो एकाच मॉडेलचे. दोन कमी झिजलेले असतील तर ते मागे. एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे असंही सांगतात लोक, ती यंत्रणा असलेली ग्रिप वाटून देते, नसलेली आणत नाही.

आता साइझ, इथे जरा आकडे बघू कारण १५ वर उतरा हे मी नुसतं वाटतंय म्हणून सांगत नाहीये. १९५/५५ आर १६ म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बगलेची उंची रुंदीच्या ५५ टक्के म्हणजे १०७ मिमी, आणि रिम १६ इंची म्हणजे ४०६ मिमी. वरची बगल, खालची बगल आणि मध्ये रिम धरून बेरीज ६२१ मिमी, हा चाकाचा पूर्ण व्यास. १८५/६५ आर १५ करून बघा, बगल १२० मिमी, रिम ३८१, बेरीज ६२१ च्या वर अर्धा मिलिमीटर. म्हणजे व्यास जवळजवळ तंतोतंत तोच, स्पीडोमीटर तोच, गिअरिंग तेच, फक्त टायर १० मिमीने अरुंद आणि बगल १३ मिमीने जाड. म्हणूनच कित्येक छोट्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६ आणि खालच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ अशी जोडी येते. तुमचा मित्र सांगतोय तो १७ म्हणजे बहुतेक २०५/४५ आर १७, त्याचा व्यास ६१६, तोही बसतो, पण बगल उरते ९२ मिमी.

बगल जाड का पाहिजे, तर बर्फाखाली खड्डा दिसत नाही आणि फुटपाथची कडही दिसत नाही. ९२ मिमीच्या टायरने खड्डा खाल्ला की टायर रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटतो, आतले धागे तुटतात आणि बगलेवर बेडकी (फुगवटा) येते, मग तो टायर फेकायचाच. १२० वाला तोच खड्डा गिळून पुढे जातो. आणि अरुंद का, तर बर्फावरचं काम कोरड्या रस्त्यासारखं नसतं. मोकळा बर्फ आणि चिखलबर्फ टायरला बाजूला सारत खाली कडक थरापर्यंत जायचं असतं. वजन तेच, रुंदी कमी, म्हणजे दाब जास्त, टायर कापत जातो. रुंद टायर त्याच्यावर तरंगायला बघतो, वितळलेल्या चिखलबर्फात तर ८० च्या वेगाला स्टिअरिंग एकदम हलकं झालेलं जाणवतं, ते तरंगणंच असतं. खरं बोलायचं तर कोरड्या रस्त्यावर आणि साफ कडक बर्फावर रुंद टायरचा थोडा फायदा होतो, तुमचा मित्र अगदीच हवेत बोलत नाहीये. पण छोट्या हलक्या गाडीला रोजच्या हिवाळ्यात तो फायदा कमी आणि तोटा जास्त. साखळ्यांचंही आहे, पुष्कळ गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की अमुक साइझवरच साखळी लावा, मोठ्या रिमला आत जागाच नसते. डोंगरात जाणार असाल तर ते पान आधी वाचा. साखळी लावायची ती ड्राइव्हच्या चाकांना, तुमच्या गाडीत पुढे.

खाली उतरायचं म्हणजे वाटेल तेवढं नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो आणि मॅन्युअलमध्ये साइझचा तक्ता असतो, त्यात जी सगळ्यात लहान रिम दिलीय तिथपर्यंत. कारण ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा भाग) रिमच्या आत मावायला पाहिजे. त्याच मॉडेलच्या साध्या व्हेरियंटला १५ येतात म्हणून तुमच्यालाही बसतील असं धरून चालू नका, वरच्या व्हेरियंटला कधी कधी मोठे ब्रेक असतात, तिथे १५ ची रिम कॅलिपरला घासते. घेण्याआधी एक रिम घालून हाताने फिरवून बघायची, दोन मिनिटांचं काम आहे.

साइझच्या पुढे आकडा-अक्षर असतं, ८८ टी वगैरे. ८८ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. हा आकडा गाडीला सांगितलाय त्यापेक्षा कमी कधीच घ्यायचा नाही. अक्षर वेगाचं, क्यू १६०, टी १९०, एच २१० किलोमीटर. हिवाळी टायरला हे अक्षर खालचं घ्यायला बऱ्याच ठिकाणी परवानगी असते, फक्त मग ती वेगमर्यादा समोर दिसेल असा स्टिकर लावावा लागतो काही देशांत. छोट्या गाडीला टी खूप झाला.

रिम. पहिला प्रश्न वेगळ्या रिम हव्यातच का, आहेत त्याच अलॉयवर दर सीझनला टायर काढ-घाल केली तर? चालतं, पण दर वेळी टायरची कड लिव्हरने ताणली जाते, दर वेळी बॅलन्सिंग, अलॉयवर ओरखडे, आणि पहिला बर्फ पडला की दुकानासमोर जी रांग लागते त्यात तुम्ही उभे. वेगळा सेट असला तर जॅक, पाना आणि मोकळी दुपार, घरच्या घरी. काही वर्षांत रिमचे पैसे त्यातूनच वसूल होतात.

स्टील की अलॉय. मीठवाल्या रस्त्यावर अलॉयच्या वार्निशला जिथे दगड लागून टवका उडालाय तिथून मीठ आत शिरतं, पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, आणि ते टायर बसतो त्या कडेपर्यंत पोचलं की हवा हळूहळू उतरायला लागते, पंक्चर सापडत नाही, माणूस वैतागतो. स्टील गंजतं, दिसायला वाईट, पण तारेचा ब्रश मारून रंग लावला की परत उभं. खड्ड्यात स्टील वाकतं, अलॉय तडकू शकतो. वजनाचा फरक लोक समजतात तेवढा नसतो, छोट्या साइझच्या स्वस्त अलॉय काही हलक्या नसतात. ज्यांना काळी रिम बघवत नाही त्यांनी कॅप लावावी, पण पहिल्या बर्फाच्या ढिगाऱ्यात एखादी जाणार हे धरून.

रिम घेताना चार गोष्टी जुळायला लागतात. बोल्टचं वर्तुळ, म्हणजे ४ × १०० किंवा ५ × १००, किती नट आणि किती मिलिमीटरच्या वर्तुळावर. यात घातक जोडी आहे ४ × १०० आणि ४ × ९८, डोळ्याला सारखीच दिसते, नट पण ओढूनताणून लागतात, पण रिम मध्यावर बसत नाही आणि बोल्ट तिरपे ताणले जातात. लागलं म्हणजे जमलं असं नाही. मग मधलं भोक, हबवर (गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्यावर) घट्ट बसायला हवं, जुन्या यारिसचं ५४.१ मिमी, होंडा जॅझचं ५६.१, पोलोचं ५७.१. बाहेरच्या कंपनीच्या अलॉयचं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, मध्ये रिंग घालायची, रिंग विसरली तर ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि चारदा बॅलन्सिंग करूनही जात नाही. गाडीच्याच मॉडेलची स्टील रिम घेतली की हा विषयच संपतो. तिसरं ऑफसेट, म्हणजे रिम हबला टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे ते, ईटी ४५ वगैरे कोरलेलं असतं. आकडा लहान झाला की चाक बाहेर येतं, मोठा झाला की आत जातं आणि शॉकअप्सला लागतं. कंपनीच्या आकड्यापासून तीन-चार मिमी इकडेतिकडे चालून जातं, त्याहून जास्त नको, चाक बाहेर आलं की चिखलबर्फ सगळा दारावर. आणि रिमची रुंदी, १८५ ला साडेपाच किंवा सहा इंच उत्तम.

या चारांशिवाय पाचवी गोष्ट नट, आणि ही कुणी बघतच नाही. नट रिमवर जिथे टेकतो त्या जागेचा आकार तीन प्रकारचा असतो, शंकूसारखा, गोलाकार, किंवा सपाट वायसरवाला. होंडाच्या कंपनीच्या रिमना गोलाकार लागतात, बाहेरच्या बहुतेक रिमना शंकूचे. गोल खोबणीत शंकूचा नट घातला की तो एका बारीक रेषेवर टेकतो, ठरलेला जोर झाला की टॉर्क पाना कट् करतो, सगळं ठीक वाटतं, आणि काही दिवसांनी नट सैल. ज्या गाड्यांना नटाऐवजी बोल्ट असतात, फोक्सवॅगन वगैरे, तिथे लांबीही बघा, स्टीलची रिम अलॉयपेक्षा पातळ असते, अलॉयचे लांब बोल्ट आरपार जाऊन हबच्या मागे कशाला तरी लागू शकतात. सगळे बोल्ट लावून चाक हाताने फिरवा, कुठे टकटक आली तर थांबा. आट्यांचंही तसंच, एम१२ मध्ये (१२ मिमी जाडीच्या आट्यांत) दोन आट्यांमधलं अंतर दीड मिमी आणि सव्वा मिमी असे दोन प्रकार आहेत, होंडा-टोयोटाला दीड, सुझुकी-निसानला सव्वा. चुकीचा नट दोन फेरे हाताने जातो आणि मग अडतो, तिथे लांब पाना लावणारा माणूस स्टड (हबचा आट्यांचा दांडा, ज्यावर नट फिरतो) खराब करून ठेवतो. सात-आठ फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत.

चाक बदलताना हबचा चेहरा बघा. मीठ खाल्लेल्या गाडीत अलॉय हबला असा चिकटतो की सगळे नट काढून लाथ मारली तरी निघत नाही (लाथ टायरच्या बगलेवर मारायची, आणि गाडी जॅकवर नुसती लटकत असताना नाही, नट दोन फेरे सैल ठेवून खाली उतरवून). निघालं की हबवर गंजाची पापुद्र्याची चकती दिसते. ती तारेच्या ब्रशने अगदी धातू दिसेपर्यंत काढायची, कारण तो पापुद्रा तसाच ठेवून वर चाक कसलं की आठवड्याभरात तो चुरा होतो आणि नट आपोआप सैल होतात. मधल्या गोल कडेवर ग्रीस किंवा अँटी-सीझ (धातू चिकटू न देणारी पेस्ट) बोटाने पातळ फिरवा, पण स्टडच्या आट्यांवर अजिबात नको, तिथे वंगण लागलं की टॉर्क पान्याचा आकडा खोटा होतो आणि नट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. नट समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क पान्याने, एम१२ च्या छोट्या गाड्यांना साधारण १०० ते ११० न्यूटन मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. ५० ते १०० किलोमीटर चालवून परत एकदा तपासा.

टायरच्या हवेची सूचना देणारी यंत्रणा, टीपीएमएस, दोन प्रकारची. एकीत प्रत्येक चाकात सेन्सर असतो, नव्या रिममध्ये वेगळे सेन्सर घ्यावे लागतील आणि गाडीला ते ओळखवून द्यावे लागतील, सेन्सरची फ्रिक्वेन्सी ४३३ की ३१५ मेगाहर्ट्झ ते आधी विचारा, बॅटरी ५ ते १० वर्षं. दुसरीत सेन्सर नसतो, एबीएसच चाकाच्या वेगावरून अंदाज काढतं, तिथे फक्त मेन्यूत जाऊन रिसेट. दुसरी असेल तर सुटलात.

हवा थंडीत आपोआप कमी होते. गरम गॅरेजमध्ये २० अंशांना ३३ पीएसआय भरली आणि बाहेर उणे १० आहे, तर टायर गार झाल्यावर जवळजवळ २८ च उरते, पंक्चर नसताना. म्हणून हवा बाहेर, गार टायरवर, सकाळी चेक करायची आणि महिन्यातून दोनदा. बर्फात हवा मुद्दाम कमी करा असा सल्ला देणारे भेटतील, तो वाळूतला सल्ला आहे, इथे नको.

टायर विकत घेताना बगलेवरचा चार आकडी कोड वाचा, ४२२४ असेल तर २०२४ चा ४२ वा आठवडा. दोन वर्षं गोडाऊनमध्ये नीट ठेवलेला नवा टायर वाईट नसतो, पण सेकंडहँड घेत असाल तर सहा वर्षांच्या पुढचा नकोच, नक्षी कितीही खोल असली तरी रबर कडक झालेलं असतं आणि आपण तर मऊपणाचेच पैसे देतोय. खोली नव्यात आठ-नऊ मिमी असते, ४ मिमीच्या खाली गेला की बर्फात त्याच्यावर भिस्त ठेवू नका, कायद्याचा १.६ चा आकडा हिवाळ्यासाठी काही कामाचा नाही. बसवताना बाण असलेल्या टायरची दिशा बघून घ्या, दुकानात घाईत एखादा उलटा बसतो, आणि उलट्या दिशेने पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी मध्ये गोळा होतं.

एक नेहमीची तक्रार आधीच सांगून ठेवतो. रात्री चिखलबर्फातून आलात, गाडी लावली, सकाळी निघालात आणि ६०-७० ला स्टिअरिंग जोरात थरथरायला लागलं, काल तर ठीक होतं. काही बिघडलेलं नसतं, रिमच्या आतल्या बाजूला चिखलबर्फ गोठून एकाच ठिकाणी दगड झालेला असतो. स्टीलच्या खोलगट रिममध्ये हे जास्त होतं, हा त्यांचा खरा तोटा. खाली वाकून लाकडाच्या तुकड्याने ठोकून काढा, बॅलन्सिंगला धावू नका.

वसंतात सकाळचा पारा ७ च्या वर टिकायला लागला की काढून टाका, मऊ रबर गरम रस्त्यावर खोडरबरासारखं झिजतं आणि ब्रेकही लांबतो. काढताना खडूने आतल्या बाजूला पुढचा डावा, मागचा उजवा असं लिहा, पुढच्या वर्षी पुढचे मागे करायला सोपं जातं. रिमसकट असतील तर एकावर एक रचून किंवा टांगून, अंधारात, गारव्यात. विजेची मोटर चालू असते अशा खोलीत नको, तिथल्या ओझोनने रबराला चिरा पडतात.

आणि स्टेपनी. हिवाळी रिमसाठी वेगळे नट घेतलेत तर स्टेपनीला ते बसतात का ते घरीच बघा, बसत नसतील तर कंपनीचे जुने चार नट आणि लॉक नट असेल तर त्याची चावी एका पिशवीत घालून डिकीत स्टेपनीच्या शेजारीच ठेवून द्या.